शोधयंत्रावरील जाहिरात : शब्दांची जुळणी व स्थाननिश्चिती

चिकित्सालय वा औषधालय शोधणारे अनेक रुग्ण हल्ली प्रथम गूगलकडे वळतात. साहजिकच आपल्यापैकी काही जण तेथे जाहिरातही देतात. सन २००० मध्ये ‘अ‍ॅडवर्ड्स’ या नावाने सुरू झालेली आणि २०१८ पासून ‘गूगल अ‍ॅड्स’ म्हणून ओळखली जाणारी ही व्यवस्था लिलावावर चालते. तथापि सर्वांत मोठी बोली लावणाऱ्यास वरचे स्थान मिळेलच असे नाही. बोलीखेरीज जाहिरातीवर क्लिक होण्याची शक्यता, शोधाशी तिची सुसंगती, संकेतस्थळाची उपयुक्तता, तसेच शोधणाऱ्याचे ठिकाण व वेळ यांचा विचार प्रत्येक शोधाच्या वेळी नव्याने होतो.

शब्दजुळणीचे प्रकार तीन. ‘पंचकर्म चिकित्सा’ हे शब्द व्यापक जुळणीने दिल्यास ‘पंचकर्म अभ्यासक्रम’ शोधणाऱ्या विद्यार्थ्यासही जाहिरात दिसू शकते. ही अतिव्याप्ती होय. वाक्यांश-जुळणीत ‘सांगलीत पंचकर्म चिकित्सा’ यासारखे, तो अर्थ सामावणारे शोध येतात. नेमक्या जुळणीत ‘पंचकर्म उपचार’ असे समानार्थी शोध तेवढे येतात. जुळणीचा प्रकार स्वतः स्थान उंचावत नाही. कोणत्या लिलावात उतरायचे, एवढेच तो ठरवतो. मात्र असंबद्ध शोधांवरील क्लिकचे पैसे वाया जातात. यास्तव ‘अभ्यासक्रम’, ‘नोकरी’ असे शब्द वर्ज्य यादीत घालावेत. या यादीस समानार्थी शब्द आपोआप लागू होत नाहीत; ‘जॉब’ हा शब्द वेगळा द्यावा लागतो.

स्थाननिश्चितीतही असाच विवेक हवा. मूळ मांडणीत त्या भागात असलेल्यांबरोबर त्या भागाविषयी स्वारस्य दाखवणारे दूरस्थ लोकही धरले जातात. बाहेरगावचे रुग्ण निवासी ठेवणाऱ्या पंचकर्म केंद्रास हे उपकारक ठरते. केवळ स्थानिक ग्राहक असलेल्या औषधालयाने मात्र ‘उपस्थिती’ हाच पर्याय निवडावा. प्रतिस्पर्धी गावागणिक बदलत असल्याने एकाच जाहिरातीचे स्थानही बदलते. ते पाहण्यासाठी स्वतःच वारंवार शोध घेऊ नये. क्लिकविना दर्शने वाढतात. त्यासाठी खात्यातील पूर्वदर्शनाची सोय वापरावी.

शेवटी, शब्द कितीही अचूक जुळले तरी १९५४ च्या औषधी व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाचे बंधन सुटत नाही. त्याच्या अनुसूचीत मधुमेहाचाही समावेश आहे. अशा रोगांवर औषधाने बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात पहिल्या स्थानी आली, तरी ती बेकायदेशीरच. औषधयोजनेप्रमाणे येथेही देश, काल व मात्रा पाहूनच खर्च करावा.