आन्, म्हून, नायतर: धाराशिवच्या बोलण्यातले सांधे

उमरग्याच्या बाजारात भाव विचारता विचारता कान फक्त जोडशब्दांकडे लावा. मराठी माणूस म्हणतो, 'उद्या येतो म्हून बोलला.' दखनी बोलणारा तेच सांगतो, 'कल आतूं बोलके बोला.' कर्नाटकाची हद्द जवळच, तेव्हा कन्नडही कानावर पडतं: 'नाळे बरतीनि अंत हेळिद.' भाषा तीन, पण सांधा एकच. आधी निरोप, मग 'असं म्हणून', मग बोलणारा. आमचं 'म्हणून' आलं 'म्हणणे'वरून, 'बोलके' आलं 'बोलना'वरून आणि कन्नडचं 'अंत' आलं 'अन्नु'वरून, म्हणजे पुन्हा म्हणण्यावरूनच. दिल्लीकडची हिंदी मात्र 'उसने कहा कि' अशी उलट्या बाजूने वाक्य उघडते. दखनीनं शब्द उत्तरेचे ठेवले आणि वाक्याची घडण शेजाऱ्यांकडून उचलली.

हा सांधा लांबवर सापडतो. तेलुगूत 'अनि', नेपाळीत 'भनेर', बंगालीत 'बोले', सिंहलीत 'कियला'. सगळे म्हणण्याच्या क्रियापदातून निघालेले. संस्कृतात हेच काम 'इति' करायचं.

आणि मराठीत हा शब्द किती राबतो! 'पाऊस नाही म्हणून पेरणी थांबली' यात तो कारणामागून परिणाम आणतो. 'औषध आणावं म्हणून तुळजापूरला गेला' यात हेतू सांगतो. 'तेर म्हणून गाव आहे' यात चक्क नाव सांगतो. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आलं. त्याआधी १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचं व्याकरण छापून झालं होतं. शाळेत मुलं उभयान्वयी अव्ययाचे समुच्चय, विकल्प, न्यूनत्व, परिणाम हे प्रकार पाठ करतात, पुढे स्वरूप, कारण, उद्देश, संकेत. माझं मत विचाराल तर त्या यादीत 'म्हणून'ला स्वतंत्र पान द्यायला हवं.

कागदावरचे पाहुणे

बोलताना 'व' सहसा कुणी वापरत नाही. तोंडात 'आन्', 'अन्', 'नि'. 'व' भेटतो लग्नपत्रिकेत, बँकेच्या अर्जात, शासन निर्णयात. तो मूळचा अरबी, मराठीत आला फारसीमार्गे. नळदुर्ग, परंडा इथे आधी बहमनी आणि मग इतर शाह्या नांदल्या. पुढे १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा आधी फारसी, नंतर उर्दू. त्या कचेऱ्यांमधून जोडशब्द मराठी कागदावर उतरले नि तिथेच राहिले.

त्यातल्या 'अगर'चा प्रवास फार सुरेख आहे. फारसीत आणि उर्दूत त्याचा अर्थ 'जर'. मराठी दस्तात मात्र 'खातेदार अगर त्याचे वारस' असं लिहिलं की अर्थ होतो 'किंवा'. म्हणजे एकाच गावात दखनी बोलणाऱ्याचा 'अगर' अट घालतो आणि दस्तातला 'अगर' पर्याय देतो. 'सबब'चंही तसंच. अरबीत ते कारण. मराठी घरात 'सबबी सांगू नकोस' म्हणताना ती पळवाट होते, आणि कोर्टाच्या कागदावर 'सबब, अर्ज मंजूर व्हावा' म्हणताना तिचा अर्थ 'म्हणून'.

'लिहून देतो की' मधला 'की' हाही फारसी वळणाचा. जुन्या कागदांत त्या जागी 'ऐसा जे' दिसतं. विकल्पाचा 'की' ('चहा की ताक?') मात्र आपला जुना, संस्कृत 'किम्'च्या घरातला. दिसायला सारखे, गोत्रं वेगळी.

'पण' आधी उसना घेतात

यारॉन मात्रास या भाषाभ्यासकांनी १९९८ मध्ये एक क्रम मांडला. एक भाषा दुसऱ्या प्रबळ भाषेच्या सहवासात राहिली की ती आधी 'पण' उसना घेते, मग 'किंवा', आणि सगळ्यात शेवटी 'आणि'. फिलिपिन्समध्ये स्पॅनिशांचा अंमल १५६५ ते १८९८. आजच्या फिलिपिनोत 'पण' म्हणजे 'पेरो', 'किंवा' म्हणजे 'ओ', दोन्ही स्पॅनिश. 'आणि'साठी मात्र घरचं 'अत'. क्रम तंतोतंत जुळतो! धाराशिवच्या बोलण्यात 'पन'सुद्धा घरचाच राहिला. संस्कृत 'पुनः', प्राकृत 'पुण', मराठी 'पण'. गोव्यात कोंकणी माणूस अजून 'पूण' म्हणतो, प्राकृताच्या अगदी जवळ.

जोडशब्दच टाळायची खोडही दोन्हीकडे आहे. आपलं मीठभाकर, आईबाप, रात्रंदिवस. फिलिपिनोत दिवसाला 'अराव', रात्रीला 'गबी', आणि अहोरात्र म्हणजे 'अराव-गबी', मधला 'अत' गायब. मराठी तर याच्याही पुढे जाते. 'उठून, तोंड धुऊन, भाकर बांधून, बैलं सोडून रानात गेला.' कामं पाच, 'आणि' एकही नाही.

जून महिन्याचा 'तर'

कमी पावसाच्या या जिल्ह्यात जूनमधलं बोलणं 'तर'वर चालतं. 'पाऊस आला तर सोयाबीन टाकू, नायतर थांबू.' इथे 'जर' गाळला तरी चालतं, 'तर' गाळला की वाक्य कोसळतं. 'नाहीतर' हा नुसता शब्द नाही, 'नाही' अधिक 'तर' असं आख्खं गाळीव वाक्य आहे: तसं नाही झालं, तर. फिलिपिनोतला 'कुंदी' असाच घडला आहे. 'कुंग' म्हणजे जर, 'दी' म्हणजे नाही. अर्थ मात्र आपल्या 'नव्हे तर'च्या जवळ जातो. त्यांच्याकडे विरहाच्या गाण्यांचा एक प्रकार आहे, 'कुंदिमान'. 'कुंग हिंदी मान', म्हणजे 'जरी तसं नसलं तरी', या शब्दांवरून ते नाव पडलं असं सांगतात. जोडशब्दांनी अख्ख्या गानप्रकाराला नाव दिल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.