वायरमन असताना इंजिनिअर कशाला?

परवा नसरापूरच्या चौकात ओळखीचे एक शेतकरी भेटले. म्हणाले, "गुरुजी, पोरगी बारावी झाली. इलेक्ट्रिकलची इंजिनिअर व्हायचं म्हणते. तारा जोडायला शिकायला चार वर्षं कशाला?"

प्रश्न रास्त होता. मी उत्तर त्यांच्याच विहिरीवरून दिले.

शेतपंपाला पुष्कळ जण ऑटो स्विच लावतात. वीज रात्री-बेरात्री येते, उठून कोण जाणार? वीज आली की पंप आपोआप सुरू. सोय झाली खरी. पण मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. क्षणभरच, पण ओढते. आता समजा, एका ट्रान्सफॉर्मरवर वीस मोटरी आहेत. सगळ्यांना ऑटो स्विच. वीज येताच विसांच्या वीस एकदम उठतात. असा भार पुन्हा पुन्हा पडला, की एक दिवस ट्रान्सफॉर्मर जळतो. मग नवा येईस्तोवर उभे पीक वाळते.

वायरमनने तारा बरोबरच जोडल्या होत्या. चुकला तो हिशेब. एक मोटर दहा सेकंदांनी, दुसरी वीस सेकंदांनी उठली असती, तर भार वाटला गेला असता. ट्रान्सफॉर्मर केवढा हवा, फ्यूज कोणती हवी, ओल्या जमिनीत अर्थिंग कसे करावे म्हणजे माणूस दगावणार नाही, हे सारे आधी मांडून पाहावे लागते. म्हणून पहिल्या वर्षी गणित आणि भौतिकशास्त्र. पुढे मोटर, ट्रान्सफॉर्मर, वीजवहन आणि नियंत्रण.

नियंत्रण म्हणजे काय? टाकीत पाणी किती आहे ते मोजायचे, किती हवे त्याच्याशी ताडायचे, आणि पंपाला चालू-बंदचा हुकूम द्यायचा. कारखान्यात हेच काम पीएलसी नावाचा छोटा संगणक करतो. यालाच ऑटोमेशन म्हणतात.

कल्पना काही आजची नाही. विश्वेश्वरय्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर बसले. पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की दार उघडे, उतरले की बंद. तेही विजेशिवाय! ते कॉलेज १८५४ सालचे. २०२२ पासून ते विद्यापीठ झाले आहे, आणि इलेक्ट्रिकलची पदवी तिथेही मिळते.

बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवे, आणि सीईटी परीक्षा द्यावी लागते. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला, तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. गरिबाघरी ही वाट मला बरी वाटते. मध्येच थांबावे लागले तरी हातात काही असते.

"आणि फी?" ते हळूच म्हणाले.

२०२४ पासून आपल्या राज्यात इतर मागास, मराठा आरक्षणातल्या आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींची शिक्षण फी व परीक्षा फी सरकार भरते. उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत हवे, आणि प्रवेश सरकारी फेरीतून झालेला हवा. राहण्याजेवणाचा खर्च मात्र निराळा.

"म्हणजे दाखला लागणार," ते म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एस.टी.ने भोरला तहसील कचेरीत गेले.