टेलच्या शेतकऱ्यांचा विचार कायद्यापर्यंत कसा गेला?

कालव्याच्या शेवटच्या टोकाला जमीन असणाऱ्या शेतकरी बंधूंना पाण्याचे दुखणे सांगण्याची गरज नाही. नमुना नंबर ७ वर अर्ज भरायचा, पाटकऱ्याची वाट पाहायची आणि पाळी टेलपर्यंत येण्यापूर्वीच कालवा बंद झालेला पाहायचा, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे. अशा वेळी आपण निवेदन देतो, मोर्चा काढतो. त्याने एखादी पाळी पदरात पडते, पण पाणीवाटपाची पद्धत तशीच राहते. ही पद्धतच बदलण्याचे काम नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर झाले. ते कसे झाले हे समजून घेण्यासारखे आहे.

दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाचे पाणी ओझर भागातील टेलच्या शेतकऱ्यांपर्यंत पुरेसे पोहोचत नव्हते. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांबरोबर बसून एक साधा विचार मांडला. शासनाने प्रत्येक शेतकऱ्याला पाणी देण्याऐवजी चारीच्या तोंडाशी मोजून ते शेतकऱ्यांच्या संस्थेला द्यावे. पुढील वाटप आणि पट्टीची वसुली संस्था करील. १९९०-९१ च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी वेगळा कायदा नव्हता. म्हणून १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदणी करून पाटबंधारे खात्याशी करार करण्यात आला. कायदा होईपर्यंत थांबायचे नाही, आहे त्यातूनच वाट काढायची, हे या मंडळींचे धोरण लेखकाला विशेष मोलाचे वाटते.

या पद्धतीत सर्व मदार मोजमापावर आहे. पूर्वीची पट्टी पीक आणि क्षेत्र यांवर असे. त्यामुळे पाणी कमी वापरले तरी पट्टी तेवढीच. घनमापन पद्धतीत जेवढे पाणी घेतले तेवढ्याचेच पैसे. एक क्युसेक प्रवाह बारा तास चालला तर ४३,२०० घनफूट पाणी मिळते, म्हणजे एक एकरात जवळजवळ एक फूट उभे राहील एवढे. हा हिशेब एकदा शेतकऱ्याला कळला की बांध फुटून वाहून जाणारे पाणी त्याला पैशासारखे दिसू लागते. पीक कोणते घ्यावे याचेही बंधन उरले नाही. कालव्याच्या पाण्याला विहिरीची जोड मिळाली आणि पुढे या भागात द्राक्षे व भाजीपाला वाढला.

संस्थांची संख्या पुढे चोवीसवर गेली, त्यांचा प्रकल्पस्तरीय संघ झाला आणि संपूर्ण लाभक्षेत्राचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आले. शासनाला आता केवळ मागणी दिसत नव्हती. पाणी किती घेतले, पट्टी किती भरली, टेल भिजले की नाही, याची वर्षानुवर्षांची वही समोर होती. २००५ साली महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम झाला. पाणी संस्थेमार्फत व मोजून देणे, पिकाचे स्वातंत्र्य, संचालक मंडळात चारीच्या वरच्या, मधल्या व शेवटच्या भागाला सारखे स्थान, ही त्यातील प्रमुख तत्त्वे होत. अर्थात यामागे अन्य ठिकाणचे प्रयत्नही होते. एकट्या वाघाडमुळे कायदा झाला असे म्हणणे बरोबर होणार नाही.

एक गोष्ट मात्र कायद्यात आली नाही. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचे काम उभे केले. तेथे पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, तर माणसांवर ठरत असे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस नाही, आणि भूमिहीनालाही वाटा. २००५ च्या कायद्याने हक्क दिला तो लाभक्षेत्रात जमीन असणाऱ्याला. टेलचा प्रश्न खात्याच्या नोंदवहीत बसणारा होता. भूमिहीनाच्या पाण्यासाठी त्या वहीत रकानाच नव्हता. हे काम अपुरेच राहिले आहे.

कायदा झाल्यावर अनेक ठिकाणी संस्था घाईने नोंदल्या गेल्या व कागदावरच राहिल्या. म्हणून ज्यांना आपल्या चारीवर हे काम करावयाचे असेल त्यांनी प्रथम चारीच्या तोंडाशी पाणी मोजण्याची सोय आहे की नाही, तेथील मोजपट्टी वाचता येते की नाही, हे पाहावे. नसल्यास तिची मागणी लेखी करावी व पोच घ्यावी. पाळी सुटल्याची तारीख, मोजपट्टीवरील उंची, किती तास पाणी आले आणि शेवटचे कोणते शेत भिजले, एवढी नोंद एका वहीत निदान एक रब्बी हंगाम ठेवावी. वही शक्यतो टेलच्या शेतकऱ्याकडे असावी.