सर्वांसाठी आरोग्य (लेखांक तिसरा) : प्राथमिक आरोग्यसेवेची मार्गदर्शक तत्त्वे

मागील दोन लेखांकांत भोर समितीच्या १९४६ च्या अहवालापासून आल्मा-आटा परिषदेपर्यंतच्या वाटचालीचा आढावा घेतला. सप्टेंबर १९७८ मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघातील कझाकस्तानच्या या राजधानीत जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या निमंत्रणावरून १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि ‘सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ या आदल्या वर्षी ठरलेल्या उद्दिष्टाकडे नेणारा मार्ग म्हणून त्यांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा स्वीकार केला. शास्त्रीय कसोटीवर उतरणाऱ्या, समाजाला मान्य होणाऱ्या आणि देशाला व समाजाला परवडणाऱ्या पद्धतींनी, लोकांच्या पूर्ण सहभागातून, प्रत्येक व्यक्तीच्या आवाक्यात आणलेली अत्यावश्यक आरोग्यसेवा, असा या संकल्पनेचा जाहीरनाम्यातील आशय आहे. सामाजिक आरोग्यशास्त्रात या आशयाची मांडणी साधारणपणे चार तत्त्वांत केली जाते : न्याय्य वाटप, लोकसहभाग, सुयोग्य तंत्रज्ञान आणि आंतरक्षेत्रीय समन्वय. ही तत्त्वे पाठ्यपुस्तकांत एकाखाली एक येत असली, तरी त्यांचे परस्परांशी असलेले नाते समान पातळीवरचे नाही. न्याय्य वाटप हा हेतू आहे, उरलेली तीन त्या हेतूपर्यंत नेणारी साधने आहेत आणि साधने हेतूपासून सुटली की ती कितीही उत्तम असली तरी अपुरी पडतात, हे या लेखांकाचे प्रतिपादन आहे.

न्याय्य वाटप

ज्याची गरज अधिक, त्याच्यापर्यंत सेवा आधी आणि अधिक प्रमाणात पोहोचली पाहिजे, असा न्याय्य वाटपाचा अर्थ आहे. व्यवहारात मात्र याच्या उलट घडते. वेल्समधील खाणकामगारांच्या वस्तीत वैद्यकीय व्यवसाय करणारे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात असे दाखवून दिले की, चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता ही लोकांच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते, आणि सेवा जितकी बाजाराच्या हाती सोपवावी तितके हे व्यस्त प्रमाण तीव्र होते. जेथे आजार जास्त तेथे पैसा कमी, आणि जेथे पैसा कमी तेथे डॉक्टर जात नाही, असे हे साधे पण कठोर सूत्र आहे.

भारतातील ग्रामीण आरोग्ययंत्रणेच्या निकषांमध्ये या तत्त्वाची दखल घेतलेली दिसते. सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, तर डोंगराळ व आदिवासी भागात हेच प्रमाण अनुक्रमे २०,००० आणि ३,००० असावे, असा निकष आहे. निकषातील हा फरक म्हणजे विषम परिस्थितीत समान संधी देण्यासाठी केलेली हेतुपुरस्सर असमान विभागणी होय. परंतु केवळ लोकसंख्येच्या हिशेबाने न्याय होत नाही, कारण विखुरलेल्या पाड्यांच्या प्रदेशात ३,००० माणसे अनेक डोंगरांवर पसरलेली असतात, आणि उपकेंद्र नकाशावर जवळ दिसत असले तरी मध्ये पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारा ओढा असतो. शिवाय अंतर केवळ किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. बुडणारी दिवसाची मजुरी, परिचारिकेला न समजणारी कोरकू किंवा माडिया भाषा आणि जातीमुळे मिळणारी वागणूक ही सारी अंतरेच आहेत.

लोकसहभाग

ही अंतरे ओलांडण्याचे पहिले साधन म्हणजे लोकसहभाग. शिबिराला गर्दी करणे किंवा लसीकरणाच्या दिवशी मुलांना घेऊन येणे एवढाच त्याचा अर्थ घेतला, तर लोक हे योजनेचे केवळ लाभार्थी उरतात. गरजा ठरवणे, उपाययोजना आखणे, ती राबवणे आणि तिच्यावर देखरेख ठेवणे या चारही टप्प्यांवर लोकांचा अधिकार चालणे, हा सहभागाचा खरा अर्थ आहे.

महाराष्ट्राचा या तत्त्वाशी जुना आणि थेट संबंध आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावात राहून काम करण्यासाठी त्यांनी आरंभी प्रशिक्षित परिचारिकांवर भिस्त ठेवली होती. पण बाहेरून आलेल्या तरुण परिचारिकेचे गावात बस्तान बसेना आणि तिचा सल्ला घराघरांत रुजेना, तेव्हा गावकऱ्यांनीच निवडलेल्या, गावातच नांदणाऱ्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्याचा मार्ग निघाला. या ग्राम आरोग्यसेविकांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक जणी दलित समाजातील होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन थोडे शिकत, गावी जाऊन ते वापरत आणि आलेल्या अडचणी घेऊन पुन्हा प्रशिक्षणाला बसत. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकांच्या हातून घडलेल्या आरोग्यकार्याचे जे अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, त्यांत जामखेडचा समावेश होता. म्हणजे आल्मा-आटाच्या विचाराला ज्या अनुभवांनी बळ दिले, त्यांपैकी एक मराठी मुलुखातील होता.

पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ कार्यकर्ती आणि गावपातळीवरील आरोग्य समिती यांच्या रूपाने या तत्त्वाला देशव्यापी चौकट दिली, आणि २००७ पासून महाराष्ट्रात सुरू झालेल्या लोकाधारित देखरेखीच्या उपक्रमात जनसुनवाईच्या माध्यमातून गावकऱ्यांना आरोग्य अधिकाऱ्यांसमोर उभे राहून जाब विचारता आला. जेथे समितीची बैठक कागदावरच होते आणि इतिवृत्तावर सह्या गोळा केल्या जातात, तेथे मात्र चौकट तेवढी उरते आणि सहभाग नाहीसा होतो.

सुयोग्य तंत्रज्ञान

शास्त्रीयदृष्ट्या खरे, स्थानिक गरजेला अनुरूप, वापरणाऱ्याला पेलणारे आणि समाजाला परवडणारे साधन म्हणजे सुयोग्य तंत्रज्ञान होय. स्वस्त साधन म्हणजे दुय्यम दर्जाचे साधन, हा समज येथे सोडून द्यावा लागतो. जलसंजीवनीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जुलाबात शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होतात, तरीही ग्लुकोजच्या जोडीने सोडियम आणि त्यामागोमाग पाणी शोषून घेण्याची आतड्याची क्षमता शाबूत राहते, या सूक्ष्म शरीरशास्त्रीय ज्ञानावर ते साधे द्रावण आधारलेले आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले, आणि सुमारे ३० टक्क्यांच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ४ टक्क्यांच्याही खाली आले.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे आहे. बालकाच्या न्यूमोनियाचे निदान श्वासाच्या गतीवरून करता येते : दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक आणि त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा अधिक असतील, तर तो धोक्याचा इशारा मानतात. परंतु ज्या सुईणीला मोठे आकडे मोजता येत नाहीत, तिने हे निदान करावे कसे? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने त्यासाठी लाकडी चौकटीत मणी ओवलेले आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ जोडलेले श्वासमापक तयार केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटच्या लाल मण्यापर्यंत पोहोचले, तर न्यूमोनिया समजून उपचार सुरू करायचे. याच विचारातून पुढे प्रशिक्षित गावकरी स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत विकसित झाली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, सेवा दिलेल्या ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. या यशाचे श्रेय केवळ मण्यांच्या चौकटीला देता येणार नाही, कारण ती चौकट गावातल्याच, विश्वासातल्या आणि हाकेच्या अंतरावर असलेल्या बाईच्या हाती होती. तंत्रज्ञान, सहभाग आणि न्याय्य वाटप ही तिन्ही तत्त्वे येथे एकाच कृतीत सामावली आहेत.

आंतरक्षेत्रीय समन्वय

आरोग्य बिघडवणारी बहुतेक कारणे आरोग्य विभागाच्या अखत्यारीबाहेर असल्यामुळे शेती, अन्न, शिक्षण, घरबांधणी, पाणीपुरवठा आणि रस्ते या क्षेत्रांशी समन्वय साधल्याशिवाय आरोग्य सुधारत नाही, असे हे चौथे तत्त्व सांगते. मेळघाटातील एखाद्या पाड्यावरच्या कुपोषित बालकाचा विचार करावा. त्याला जुलाब होतात, कारण पिण्याचे पाणी दूषित आहे. जुलाबामुळे खाल्लेले अंगी लागत नाही. अंगी न लागल्यामुळे प्रतिकारशक्ती घटते आणि पुढचा संसर्ग अधिक सहज होतो. त्यातच पिके निघाल्यावर आईवडील मजुरीसाठी परगावी जातात, मूल त्यांच्याबरोबर जाते आणि अंगणवाडीच्या नोंदवहीतून ते निसटते. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, नळयोजना पाणीपुरवठा विभागाची, रस्ता बांधकाम विभागाचा, रोजगार हमीचे काम आणखी वेगळ्या विभागाचे, आणि मृत्यूची नोंद मात्र आरोग्य विभागाकडे, अशा वाटणीत त्या बालकाची जबाबदारी सगळ्यांची असूनही कोणाचीच राहत नाही. जामखेडमध्ये लोकांनी औषधांच्या आधी पाणी आणि अन्न मागितले, आणि प्रकल्पाने दुष्काळाच्या काळात विंधनविहिरी घेताना त्या दलित वस्तीत येतील असे पाहिले, तेव्हा पाण्याबरोबरच गावातील सामाजिक अंतर कमी करण्याचेही काम झाले.

तत्त्वांची फोड आणि तिची किंमत

आल्मा-आटानंतर एका वर्षातच, १९७९ मध्ये, ज्यूलिया वॉल्श आणि केनेथ वॉरन या अमेरिकी तज्ज्ञांनी असा युक्तिवाद केला की, सर्वांगीण सेवा गरीब देशांना परवडणारी नसल्याने तूर्त थोड्या, खर्चाच्या मानाने परिणामकारक उपायांवर भर द्यावा. ‘निवडक प्राथमिक आरोग्यसेवा’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या विचारातून युनिसेफने १९८० च्या दशकात वाढीचे मोजमाप, जलसंजीवनी, स्तनपान आणि लसीकरण यांचा कार्यक्रम जगभर राबवला. त्यातून असंख्य बालकांचे प्राण वाचले, हे निर्विवाद आहे आणि त्याचे मोल कमी लेखता कामा नये. परंतु यात सुयोग्य तंत्रज्ञान तेवढे उचलले गेले आणि सहभाग व समन्वय मागे पडले. परिणामी जलसंजीवनीने त्या जुलाबातून वाचलेले मूल त्याच दूषित पाण्याकडे परतले.

म्हणूनच एखाद्या योजनेचे मूल्यमापन करताना जिल्ह्याची सरासरी पाहणे पुरेसे नाही. तालुक्याच्या गावी लसीकरण पूर्ण झाले असेल, तर जिल्ह्याचा आकडा समाधानकारक दिसतो आणि एकही लस न पोहोचलेला पाडा त्या आकड्यात विरून जातो. सेवा कोणापर्यंत पोहोचली नाही, आणि ती का पोहोचली नाही हे ठरवताना त्या माणसांना कोणी विचारले का, हे प्रश्न प्रत्येक अहवालात सरासरीच्या आधी आले पाहिजेत. त्यांची उत्तरे शोधण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येऊन पडते, त्या ‘आशा’ कार्यकर्तीचे काम, मोबदला आणि अधिकार यांचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.