खेळाचें बिऱ्हाड

बिऱ्हाड बदलण्याचा प्रसंग ज्याच्यावर कधीं आला नाहीं असा शहरवासी विरळाच. सामान बांधलें, गाडींत घातलें, नव्या जागेंत नेऊन उतरविलें, म्हणजे काम संपलें असें प्रथम वाटतें. परंतु खरी दगदग त्यानंतरच सुरू होते. पत्रें जुन्या पत्त्यावर जात राहतात, दूधवाला जुन्याच दाराशीं हांका मारतो, रेशनकार्डावर जुनीच चाळ असते, आणि माळ्यावर राहिलेली ट्रंक आठवते ती जुन्या घराची किल्ली मालकाच्या हातीं दिल्यानंतर! आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो वरवर पाहतां अगदीं निराळा आहे. संगणकावर बसविलेला खेळ एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर कसा न्यावा, हा तो विषय होय. पण थोडा विचार केला असतां हा सारा प्रकार बिऱ्हाड हलविण्याचाच आहे असें आपल्या ध्यानांत येईल.

प्रथम अशी पाळी येते कां, हें पाहूं. आजकाल एकेक मोठा खेळ ५० पासून १०० गिगाबाइटपर्यंत, आणि कांहीं तर त्याहूनही अधिक जागा व्यापतात. पुष्कळ घरांतील संगणकांत दोन ड्राइव्ह असतात: एक लहान पण चपळ, ज्याला एसएसडी म्हणतात, आणि दुसरा मोठा पण संथ, म्हणजे फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. संगणकाची सर्व व्यवस्था पाहणारी विंडोज ही प्रणाली बहुधा पहिल्या ड्राइव्हवर असते आणि त्याला ‘सी’ हें अक्षर असतें. तें ‘सी’ च कां, याला इतिहास आहे. १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला तेव्हां त्यांत फ्लॉपीचे ड्राइव्ह असत. ‘ए’ आणि ‘बी’ हीं अक्षरें त्यांना मिळालीं. पुढें १९८३ सालच्या एक्स-टी या नमुन्याबरोबर १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली, तिला ‘सी’ मिळालें. फ्लॉप्या गेल्या; परंतु अक्षर कायम राहिलें. नवीन खेळ बसवितांना आपण कांहींच सांगितलें नाहीं, तर तो बहुधा याच ‘सी’ वर येऊन बसतो. अशा रीतीनें तो ड्राइव्ह भरत जातो, विंडोजला स्वतःच्या सुधारणा उतरवून घेण्यास जागा उरत नाहीं, आणि सारें यंत्र कुंथत चालूं लागतें.

आतां पुष्कळांचा समज असा असतो कीं, खेळ म्हणजे एक फोल्डर. तो उचलावा आणि दुसरीकडे ठेवावा, झालें. एके काळीं हें बऱ्याच अंशीं खरें होतें. डॉसच्या जमान्यांतील कित्येक खेळांचें सर्व कांहीं एकाच फोल्डरमध्यें असे. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तशी त्यांची स्थिति होती. न्याल तेथें ते चालत. परंतु १९९२ सालीं विंडोज ३.१ मध्यें ‘रजिस्ट्री’ नांवाची नोंदवही आली, आणि १९९५ सालच्या विंडोजपासून तिचा व्याप फार वाढला. कोणता कार्यक्रम कोठें राहतो, त्याच्या आवडीनिवडी काय, तो काढून टाकावयाचा असल्यास कसा काढावा, हें सर्व तींत लिहिलेलें असतें. म्हणून आजच्या खेळाचीं तीन अंगें मानावीं. पहिलें, त्याच्या स्वतःच्या फायली, म्हणजे सामानसुमान. दुसरें, त्याचा पत्ता. तो रजिस्ट्रींत, पडद्यावरील शॉर्टकटमध्यें, आणि ज्या दुकानाकडून खेळ घेतला त्याच्या वहींत लिहिलेला असतो. तिसरें, खेळणाऱ्यानें मिळविलेली प्रगति, म्हणजे राखून ठेवलेले डाव. हें तिसरें अंग पुष्कळदां खेळाच्या फोल्डरमध्यें नसतेंच. तें भलत्याच ठिकाणीं असतें. माझी चूक झाली ती येथेंच.

ती हकीकत सांगणें मला अवश्य वाटतें. माझ्या भाच्याच्या मेजावरील संगणकांत ‘सिव्हिलायझेशन ६’ हा २०१६ सालीं निघालेला खेळ होता. या खेळांत एक लहानशी वसाहत घेऊन आरंभ करावयाचा, आणि शेतें, शाळा, जहाजें असें करीत करीत साम्राज्य उभारावयाचें, असा प्रकार आहे. उन्हाळ्याच्या सुट्टींत त्यानें एकच डाव कित्येक आठवडे चालविला होता. मध्यंतरीं ‘सी’ ड्राइव्ह भरला. ‘मामाला यांतलें कळतें’ अशी घरांत माझी ख्याति, तेव्हां तें काम माझ्याकडे आलें. मीं खेळाचा फोल्डर कापून ‘डी’ ड्राइव्हवर चिकटविण्याचा हुकूम दिला आणि चहा घ्यावयास उठलों. तेवढ्यांत वीज गेली. परत आली तेव्हां अर्ध्या फायली इकडे आणि अर्ध्या तिकडे! मी म्हटलें, हरकत नाहीं, खेळ पुन्हां उतरवून घेऊं. जुने अवशेष झाडून काढतांना ‘डॉक्युमेंट्स’ मध्यें त्याच खेळाच्या नांवाचा आणखी एक फोल्डर दिसला. तोही केर समजून मीं पुसला, आणि उत्साहाच्या भरांत रिसायकल बिनही रिकामी केली. रात्रीपर्यंत खेळ नव्यानें उतरला आणि उत्तम चालूं लागला. भाच्यानें राखलेल्या डावांची यादी उघडली, ती कोरी. तो रडला नाहीं कीं रागावला नाहीं. “मामा, माझें राज्य कुठें गेलें?” एवढेंच त्यानें विचारलें. दूरच्या सर्व्हरवर डावाची प्रत ठेवण्याची सोय त्या खेळांत होती. ती आम्हीं वापरली नव्हती. एसएसडीवरून एकदां पुसलेलें परत मिळण्याचा संभव फार थोडा. कारण पुसलेली जागा तो ड्राइव्ह स्वतःच लौकर साफ करून टाकतो. त्या दिवशीं मला एक गोष्ट कळली: खेळ परत मिळतो, खेळलेलें परत मिळत नाहीं.

तेव्हां पहिला नियम हा कीं, हलविण्यापूर्वीं राखलेले डाव शोधावे आणि त्यांची एक प्रत अन्यत्र ठेवावी. ते बहुधा ‘डॉक्युमेंट्स’ मधील ‘माय गेम्स’ या फोल्डरमध्यें, ‘सेव्ह्ड गेम्स’ मध्यें, किंवा एरव्हीं दृष्टीआड असणाऱ्या ‘ॲपडेटा’ नांवाच्या फोल्डरमध्यें सांपडतात. हे डाव हलवूं मात्र नयेत. नुसती प्रत घ्यावी. खेळ नव्या जागीं गेला तरी तो आपले डाव जुन्याच ठिकाणीं शोधतो.

दुसरा नियम: कापूं नये, नक्कल करावी. यामागील कारण समजून घेण्यासारखें आहे. एकाच ड्राइव्हवर फोल्डर इकडचा तिकडे केला, तर तो क्षणांत जातो. कारण फायली जागच्या हालतच नाहींत, केवळ ड्राइव्हच्या खातेवहींतील नोंद बदलते. परंतु दुसऱ्या ड्राइव्हवर न्यावयाचें म्हणजे प्रत्येक अक्षर तेथें नव्यानें लिहावें लागतें आणि मग मूळ पुसावें लागतें. सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगानें ६० गिगाबाइटचा खेळ न्यावयास निदान १० मिनिटें लागतात, आणि लहान लहान फायली पुष्कळ असल्या तर अधिक. एवढ्या वेळांत वीज जाणें किंवा तार निसटणें अशक्य नाहीं. नक्कल चालू असतां विघ्न आलें तरी मूळ शाबूत राहतें.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. खेळ स्टीमसारख्या दुकानाकडून घेतलेला असेल तर काम सोपें आहे. हें दुकान २००३ सालीं निघालें, आणि खेळ हलविण्याची सोय त्यांतच केलेली आहे. प्रथम स्टीमच्या ‘सेटिंग्ज’ मधील ‘स्टोरेज’ या पानावर नवा ड्राइव्ह जोडावा. मग खेळाच्या नांवावर माउसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावें, ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’ मध्यें जावें आणि ‘मूव्ह इन्स्टॉल फोल्डर’ ही आज्ञा द्यावी. सामान हलविणें आणि पत्ता बदलणें ही दोन्हीं कामें स्टीमच करतो. त्याच पानावर फायलींची तपासणी करण्याचीही आज्ञा आहे. ती शेवटीं अवश्य द्यावी. एकादी फाइल मोडकी अथवा गहाळ असली तर तेवढीच पुन्हां उतरविली जाते. आमच्या घरीं अर्धवट राहिलेल्या फायलींवरही हाच इलाज करतां आला असता. सारें झाडून टाकण्याची मुळींच गरज नव्हती!

परंतु खेळ जुन्या सीडीवरून बसविलेला असेल, किंवा अशी सोय नसलेल्या ठिकाणचा असेल, तर काय करावें? दोन मार्ग आहेत. एक सरळ: डावांची प्रत घ्यावी, खेळ रीतसर काढून टाकावा, आणि नव्या ड्राइव्हचा पत्ता देऊन पुन्हां बसवावा. वेळ जातो, पण घोटाळा होत नाहीं. दुसरा मार्ग पोस्टाच्या व्यवहारासारखा आहे. बिऱ्हाड बदलल्यावर आपण पोस्टांत अर्ज देतों, कीं जुन्या पत्त्यावर आलेलीं पत्रें नव्या पत्त्यावर धाडावीं. विंडोजमध्यें असा अर्ज देतां येतो. त्याला ‘जंक्शन’ म्हणतात. प्रथम फोल्डरची नक्कल नव्या ड्राइव्हवर करावी. मग जुन्या फोल्डरचें नांव बदलून ठेवावें, पुसूं नये. नंतर प्रशासकाच्या अधिकारानें कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एमकेलिंक’ ही आज्ञा, तिच्यापुढें तिरकी रेघ व ‘जे’ हें अक्षर, मग जुना पत्ता आणि शेवटीं नवा पत्ता लिहावा. दोन्हीं पत्ते अवतरणचिन्हांत असावे, आणि क्रम हाच असावा. यानंतर जुन्या ठिकाणीं फोल्डर आहे असें भासतें, पण जो कोणी तेथें जाईल तो मुकाट्यानें नव्या घरीं पोहोंचविला जातो. रजिस्ट्री, शॉर्टकट, कोणालाही कांहीं कळवावें लागत नाहीं. खेळ उघडावा, एक जुना डाव चालवून पाहावा, आणि सर्व ठीक असलें तरच नांव बदललेला मूळ फोल्डर पुसावा.

कांहीं लहान गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. नवा ड्राइव्ह एफएटी-३२ या जुन्या पद्धतीनें आंखलेला असेल तर त्यावर ४ गिगाबाइट किंवा त्याहून मोठी एकेरी फाइल मावत नाहीं, आणि आजच्या खेळांत अशा फायली असतात. म्हणून तो एनटीएफएस पद्धतीचा असावा. बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हचें अक्षर कधीं कधीं बदलतें. काल ‘ई’ असलेला आज ‘एफ’ झाला, तर खेळ बेपत्ता झाल्यासारखा वाटतो. घाबरूं नये, ‘डिस्क मॅनेजमेंट’ मध्यें जाऊन त्याला मूळ अक्षर द्यावें. तिसरें असें कीं, ‘सी’ आणि ‘डी’ हे पुष्कळदां निराळे ड्राइव्ह नसतात. एकाच डिस्कवर मध्यें भिंत घालून केलेल्या त्या दोन खोल्या असतात. अशा वेळीं खेळ हलविल्यानें जागा मोकळी होते, पण वेगांत फरक पडत नाहीं. उलट एसएसडीवरून फिरत्या तबकडीवर नेलेला खेळ सुरू होण्यास अधिक वेळ घेईल, हेंही आधींच मनांत धरावें. म्हणून रोज खेळला जाणारा खेळ चपळ ड्राइव्हवर ठेवावा आणि क्वचित् उघडला जाणारा संथ ड्राइव्हवर न्यावा, हें शहाणपणाचें.

माझ्या भाच्यानें पुढें नवा डाव मांडला. आतां दर रविवारीं तो आपल्या राज्याची एक प्रत पेनड्राइव्हवर उतरवून घेतो आणि तो पेनड्राइव्ह कपाटांत ठेवतो. मला त्यानें अजून हात लावूं दिलेला नाहीं, आणि त्याचें मला वाईट वाटत नाहीं. श्रोतेहो, आपण आपल्या मुलांच्या, भाच्यांच्या यंत्राला हात घालाल तेव्हां खेळाचें सामान नेण्यापूर्वीं माळ्यावरची ट्रंक आधीं खालीं काढा. तींत काय आहे हें ज्याची ती आहे त्यालाच ठाऊक असतें. म्हणून हलविण्याआधीं एकदां त्याला विचारा.