वेबपॅकमध्ये सॅस चालत नाही? आधी लोडरचा क्रम बघा

लहान दुकानांच्या वेबसाईट करून देणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं एकच गाऱ्हाणं असतं: "सर, सॅसमध्ये सगळी स्टाईल लिहिली, पण वेबपॅक एरर देतंय." व्हिडिओत मी स्क्रीनवर करून दाखवलंय. इथे जरा निवांतपणे, कारणासकट सांगतो.

वेबपॅकला मुळात फक्त जावास्क्रिप्ट आणि जेसॉन कळतं. एससीएसएस फाईल समोर आली की ते सरळ सांगतं, या प्रकारच्या फाईलसाठी लोडर लागेल. म्हणजे तुमची फाईल चुकलेली नाही, मधला दुभाषी नाहीये. असे दुभाषी तीन लागतात. सॅस-लोडर एससीएसएसचं साधं सीएसएस करतो, सीएसएस-लोडर ते सीएसएस जावास्क्रिप्टच्या मॉड्यूलमध्ये बसवतो आणि स्टाईल-लोडर ते ब्राउझरच्या पानात घालतो. शिवाय सॅस हे मूळ पॅकेज वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, कारण सॅस-लोडर नुसता निरोप्या आहे, खरं काम ते पॅकेज करतं.

आता गोची अशी, की वेबपॅक ही यादी उजवीकडून डावीकडे वाचतं. म्हणून कॉन्फिगमध्ये लिहायचं स्टाईल-लोडर, मग सीएसएस-लोडर आणि शेवटी सॅस-लोडर. आधी दळण, मग कणीक, मग पोळी. फक्त लिहायचं उलटं. आणि हो, मुख्य जेएस फाईलमध्ये ती एससीएसएस फाईल इम्पोर्ट करा. नाही केली तर एररही येत नाही आणि स्टाईलही येत नाही, नुसतं डोकं खाजवत बसाल.

जुने ट्युटोरियल बघत असाल तर तिथे नोड-सॅस टाकायला सांगतात. टाकू नका. ते ज्या लिबसॅसवर उभं आहे ते 2020 मध्येच मोडीत काढलं गेलं. शिवाय त्याला मशीनवर सी++ कंपायलर आणि पायथन लागू शकतं, आणि नोडची आवृत्ती बदलली की इन्स्टॉलच अडतं. नुसतं सॅस नावाचं पॅकेज घ्या, ते डार्ट सॅस आहे.

इथवर आलात की तुमच्या लॅपटॉपवर सगळं झकास दिसेल. आणि इथेच मी एकदा फसलो. एका मिठाईच्या दुकानाची साईट अशीच स्टाईल-लोडरसकट चढवली. ऐन दिवाळीच्या तोंडावर मालकांचा फोन: "अहो, साईट उघडली की आधी नुसती अक्षरं दिसतात, गिऱ्हाईक परत जातंय." मी वायफायवर बघत होतो, ते बाजारात मोबाईलच्या रेंजवर. स्टाईल-लोडर सीएसएस जावास्क्रिप्टमधूनच पोचवतो. त्यामुळे जावास्क्रिप्ट उतरून चालेपर्यंत पान उघडंबोडकं राहतं.

त्यावरचा उपाय म्हणजे मिनी सीएसएस एक्स्ट्रॅक्ट प्लगिन. हे सीएसएसची वेगळी फाईल काढून देतं. ते दोन ठिकाणी लिहावं लागतं, आणि लोक हमखास एकच लिहितात. लोडरच्या यादीत स्टाईल-लोडरच्या जागी त्याचा लोडर आणि खाली प्लगिनच्या यादीत ते स्वतः. एचटीएमएल वेबपॅक प्लगिन वापरत असाल तर लिंक आपोआप लागते, नाहीतर हाताने लावा. फाईलच्या नावात कंटेंटहॅश ठेवा, म्हणजे मालकांनी हिरवा काढून केशरी करायला सांगितलं की गिऱ्हाइकाच्या फोनवर साठवलेली जुनी फाईल आडवी येणार नाही. घरी काम करताना मात्र स्टाईल-लोडरच ठेवा, बदल चटकन दिसतात.

नवीन प्रोजेक्ट असेल तर खरं सांगू? व्हीट घ्या. तिथे सॅस पॅकेज इन्स्टॉल केलं की झालं, लोडरही नाही आणि प्लगिनही नाही. पण चालू साईट वेबपॅकवर असेल तर निव्वळ एवढ्यासाठी ती हलवू नका, सण उरकू द्या.