गोठणगावचा तिबेटी कॅम्प : ताटातलं अन्न आणि पायातलं चालणं

नागपुरात थंडी पडली की तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात. बहुतेकांची तिबेटी माणसांशी ओळख तेवढीच. विदर्भातली त्यांची वसाहत आहे गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ, इटियाडोह धरणाच्या परिसरात. नाव नॉर्ग्येलिंग, स्थापना 1972.

गैरसमज : निर्वासितांना सरकार फुकट धान्य देतं, मग खाण्याची काय चिंता?

निर्वासित म्हणून कुणालाही आपोआप रेशनकार्ड मिळत नाही. फाळणीनंतर नागपूरच्या जरीपटक्यात आलेले सिंधी भारताचे नागरिक झाले. 1954 च्या कायद्याने विस्थापितांना भरपाईही मिळाली. तिबेटी माणसांपैकी अनेक जण मात्र आजही नागरिकत्वाशिवाय, नोंदणी प्रमाणपत्रावर राहतात. केंद्राच्या 2014 च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात रेशन आणि रोजगार हमीचा लाभ त्यांना द्यावा असं म्हटलं आहे, पण तो द्यायचा राज्यांनी.

आणि कार्ड मिळालं तरी हिशेब करून पाहा. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. म्हणजे दिवसाला साधारण 165 ग्रॅम, सुमारे 575 कॅलरी. पोटाला तो मोठा आधार आहे, यात शंका नाही. पण डाळ, भाजी, फळं, अंडी घरच्या पैशांतूनच येतात. रोज किमान 400 ग्रॅम भाज्या-फळं खावीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाताच्या पट्ट्यात, कडक उन्हाळ्यात परसबाग करपते तेव्हा ती भाजी आठवडी बाजारातून विकत आणावी लागते. खेड्यात राहतात म्हणजे ताजी भाजी दारातच, हे म्हणूनच खरं नाही.

गैरसमज : शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला?

शेतीचं कष्टाचं काम व्यायामात धरलं जातं, त्यात वाद नाही. मात्र जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दर आठवड्याची आहे : मध्यम श्रमाची किमान 150 मिनिटं आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम. धानाची रोवणी आणि कापणी ठरावीक आठवड्यांची असते. त्याच घरातलं कुणी थंडीत स्वेटर विकायला शहरात गेलं, तर दिवसभर दुकानात बसून राहतं. हंगामात केलेले कष्ट पुढच्या रिकाम्या महिन्यांसाठी साठवून ठेवता येत नाहीत.

म्हाताऱ्यांसाठी मात्र व्यायाम त्यांच्या परंपरेतच आहे. गोंपाभोवती, म्हणजे मठाभोवती, प्रदक्षिणा घालतात, तिला कोरा म्हणतात. हातात मणीचक्र, ओठांवर मंत्र. सावकाश चालणंही चांगलंच. पण बोलता येईल आणि गाता येणार नाही इतका वेग धरला, तर तीच कोरा मध्यम श्रमाचा व्यायाम ठरते. गोल करून नाचायचा गोरशेही तसाच. त्यांना जिमची जाहिरात दाखवण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

गैरसमज : पारंपरिक आहार म्हणजे बाधणारच नाही.

त्साम्पा, म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ, उत्तम अन्न आहे. पण विदर्भात पिकतो भात, आणि मोमो होतात मैद्याचे. लोणी-मिठाचा चहा उंच, थंड पठारावरचा. दिवसभराचं मीठ सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत हवं. अनेक कप झाले की त्यातलं बरंचसं चहातच संपतं. रक्तदाब असेल तर मीठ आधी तिथे कमी करावं.

नागपूरहून तिकडे आरोग्य शिबिरं नेणाऱ्यांना एक विनंती : रक्तदाब मोजून थांबू नका. चहात मीठ किती पडतं, डाळ-भाजी आठवड्यातून किती दिवस शिजते आणि रेशनकार्ड आहे का, हेही विचारा. कार्ड नसेल तर औषधाच्या चिठ्ठीबरोबर तहसीलच्या अर्जासाठीही मदत करा.